हार सुकायच्या आत

“जगू, फूल सुकायच्या आत बोललेलं पोचतं कर. सुकल्यावर नेलंस तर त्याला देणं म्हणत न्हाईत, वझं टाकणं म्हणतात.”

सासूबाईंचा हा आवाज जगदेवीला ऐकू आला तो नांदेड-उदगीर एसटीत, मुखेडचा स्टँड सोडता सोडता. नीलम्मांना, घरादाराच्या अव्वांना, लिंगैक्य होऊन बावीस वर्षं झाली होती. पण सुनेचं कुठं काही चुकायला लागलं की त्या अजून वेळेवर हजर होत. जगदेवीनं मांडीवरच्या हाराकडं पाहिलं.

हार चांगला भरदार होता. झेंडू, मध्ये मध्ये निशिगंध आणि खालच्या टोकाला एक लाल गुलाब. सकाळी नांदेडच्या विद्यापीठात, भरल्या सभागृहात, तो तिच्या गळ्यात पडला होता. विद्यापीठानं त्या वर्षी ‘संकल्पदान’ नावाची योजना काढली होती. ज्याला जे द्यायचं असेल ते त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवायचं. त्याच्या माघारी ते विद्यापीठाला मिळायचं. जगदेवीनं उदगीरचं आपलं राहतं घर, खालच्या तीन खोल्या आणि वरची माडी, शिकणाऱ्या मुलींसाठी लिहून दिलं होतं. असं लिहून देणारी ती पहिलीच. म्हणून आजचा सत्कार. शाल, मानपत्र, एक पुस्तक, आणि सभागृहाबाहेरच्या दगडी फलकावर नाव. टाळ्या वाजायला लागल्या तशी तिनं जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. फोटोत म्हणे नुसता पदर आलाय.

तोवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो हारानं.

जगदेवीच्या सासरी एक रीत होती. गावच्या मठात वर्षातून एकदा दासोहाचा बोल व्हायचा. मठात येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालण्यासाठी कुणी एक पोतं ज्वारी बोलायचं, कुणी दोन डबे तेल. ज्यानं बोल केला त्याच्या हातावर स्वामीजी ताटातलं एक फूल ठेवायचे. बाकीचे लोक ते फूल डोळ्यांना लावून घरी नेत आणि बोललेलं सवडीनं पोचवत. नीलम्मांच्या घरात मात्र सवड हा शब्द नव्हता. फूल सुकायच्या आत धान्य मठात पोचलं पाहिजे. त्यामुळं हातावर कुठलं फूल पडतं यावर घरादाराचा दिवस ठरायचा. शेवंती आली तर तीन-चार दिवस निवांत. मोगरा आला तर सकाळच्या आत. आणि जास्वंद आलं तर पळापळ, कारण जास्वंद संध्याकाळी मिटतंच. जगदेवीचे यजमान शंकरप्पा मठात हात पुढं करताना डोळे मिटून पुटपुटायचे, “शेवंती दे रे महादेवा, शेवंती दे.”

नीलम्मा गेल्या, मागून शंकरप्पा गेले. पोटी मूल नव्हतं. पण जगदेवीनं घरातले नेम एकही मोडले नव्हते. सकाळ-संध्याकाळ इष्टलिंगाची पूजा, पूजा होईस्तोवर तोंडातून शब्द नाही, सोमवारी एक वेळ जेवण, आणि हातावर फूल पडलं की ते सुकायच्या आत बोललेलं पोचतं.

आणि आज तिनं एक फूल नाही, अख्खा हार घेतला होता. देणं कधी पोचणार? तर ती मेल्यावर.

एकाहत्तर वर्षांची होती ती. दात शाबूत, गुडघे शाबूत. गेल्याच महिन्यात डॉक्टरनं रक्तदाब तपासून “मावशी, काय खाता हो तुम्ही?” असं विचारलं होतं. हार सुकायच्या आत मरायचं म्हटलं तरी ते काही जमण्यासारखं दिसत नव्हतं.

एसटीच्या खिडकीतून वैशाखाची झळ आत येत होती. जगदेवीनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली. तळाला चार घोट उरले होते. तिनं रुमालाचं टोक भिजवलं, हारावर पसरलं, आणि स्वतः कोरड्या घशानं उदगीरपर्यंत आली.

दारात कोंडाबाई उभी होती. शेजारची, वयानं सत्तरीची, आवाजानं पंचविशीची. दोघी एकाच वर्षी या गल्लीत लग्न होऊन आल्या होत्या.

“आली का नवरीबाई! हार गळ्यातनं काढला का गं? मी गल्लीभर सांगून ठेवलंय, वाजत-गाजत येणार म्हून.”

“कोंडे, आदी आत चल,” जगदेवी हळूच म्हणाली. “लई मोठं लचांड झालंय.”

लचांड ऐकून घेतल्यावर कोंडाबाई भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. जगदेवी हसली नाही. तिनं परातीत ओलं फडकं अंथरलं, त्यावर हार गोल मांडला आणि वरून दुसरं ओलं फडकं टाकलं.

“पाणी कुठलं घेतलंस?” कोंडाबाईचं हसू थांबलं. त्या साली पाण्याची चेष्टा कुणी करत नव्हतं. लातूरला तर रेल्वेनं पाणी आणत होते. उदगीरला नळ कधी येईल याचा नेम नव्हता आणि टँकर आला की गल्लीत भांड्यांचीच मिरवणूक निघायची.

“माझ्या चहाचं हाय. दुपारचा चहा सोडला.”

“कवापर्यंत?”

“हार हाय तवापर्यंत.”

दिवेलागणीच्या आधी पुतण्या आला. सिद्धेश्वर, शंकरप्पांच्या धाकट्या भावाचा मुलगा. स्टेशन रोडला त्याचं थंड पाण्याच्या जारचं दुकान होतं, त्यामुळं त्या उन्हाळ्यात गावात त्याच्याइतका मान आमदारालाही नव्हता. मुलगा मनानं चांगला, तोंडानं फाटका.

“काकू, सत्कार झाला म्हणे. पेपरात येईल का?”

“पदर येईल,” कोंडाबाई म्हणाली.

जगदेवीनं त्यालाही सगळं सांगितलं. सिद्धेश्वरनं परातीवरचं फडकं उचलून पाहिलं आणि गंभीर चेहरा केला.

“आता तुमच्यापुढं दोनच रस्ते हायत काकू. एक तर हार सुकू द्यायचा न्हाई. न्हाईतर...”

“न्हाईतर काय?”

“न्हाईतर काय न्हाई. चहा ठेवा.”

“चहा न्हाई मिळणार,” कोंडाबाई म्हणाली. “चहा हार पिऊन राहिलाय.”

“मग हार माझ्या फ्रीजमदी ठेवू. जारच्या शेजारी. म्हैनाभर हलत न्हाई.”

जगदेवीनं मान हलवली. “फ्रीजमदी ठिवून मुदत वाढवायची म्हंजे महादेवाच्या डोळ्यात धूळ फेकणं झालं. अव्वांनी कधी जास्वंदाला दोरा बांधला न्हाई, मिटू नये म्हून.”

“तसं बगितलं तर काकू,” सिद्धेश्वर आरामात बसत म्हणाला, “तुम्ही घाईच केली. आता उदगीर जिल्हा होऊन राहिला. आज न्हाई, उद्या न्हाई, पर होणार. कलेक्टर हापिस हितं, कोर्ट हितं. ही माडी म्हंजे सोनं होईल.”

“माझ्या लग्नापासून ऐकते, हे होणार अन् ते होणार,” जगदेवी शांतपणे म्हणाली. “जिल्हा आला की येऊ दे. पोरींला त्याच्या आदी परीक्षा हाय.”

त्या पोरींचीच तर सगळी गोष्ट होती. मागल्या माघात ती भाचीला गाडीत बसवायला उदगीर स्टेशनवर गेली होती. फलाटावर, पंख्याखालच्या बाकांवर, चार-पाच मुली पुस्तकं उघडून बसल्या होत्या. तिला वाटलं गाडीची वाट बघत असतील. गाडी आली, गेली, मुली तिथंच. एकीनं उठून तिला जागा दिली आणि आपण उभ्यानंच वाचत राहिली. नाव उमादेवी, गाव बिलोलीच्या पुढचं. एम.ए.ला होती, परीक्षा नांदेडच्या विद्यापीठाची. एका खोलीत सहाजणी राहतात, पंखा नाही, घरमालक दिवसा लाइट बंद करतो, म्हणून फलाट. “स्टेशनमास्तर बोलत न्हाईत का?” जगदेवीनं विचारलं. “बोलतात ना आजी,” ती म्हणाली, “म्हणतात पुढच्या वेळी पास होऊनच जा, लई वर्षं झाली तुम्हाला बघून राहिलो.” आणि हसली. घरी येऊन जगदेवीनं आपल्या वरच्या रिकाम्या माडीकडं पाहिलं होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात वकिलाला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. जगदेवी न्हाऊन पूजेला बसायच्या बेतात होती. पूजा व्हायची होती, म्हणजे तोंड बंद. तिनं फोनकडं पाहिलं, रात्री सोबतीला राहिलेल्या कोंडाबाईकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच नको नको म्हणाली. तोवर कोंडाबाईनं फोन उचलला होता.

“हालोऽ! हाव, जगदेवीचंच घर. तुमी कोण?”

फोन शेषेरावांचा होता. विद्यापीठातल्या देणगीदार कक्षाचे ते अधिकारी. मृत्युपत्राच्या कागदांपासून ते काल एसटीत खिडकीची जागा धरून देण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं होतं. मावशी सुखरूप पोचल्या का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“पोचली की. पर ती बोलत न्हाई,” कोंडाबाई ओरडून म्हणाली. तिच्या मते नांदेड लांब होतं.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“रागावली का? आता काय सांगू साहेब. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई तिच्या. तुमच्या हारानं घोळ केलाय. ती म्हणत हुती, हार सुकला तर शाल परत द्यावी लागंल.”

जगदेवी दोन्ही हात हलवत होती. मग तिनं कोंडाबाईच्या दंडाला धरून ओढलं. कोंडाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हाव, कागदबी देईल परत. नाव खोडा म्हणंल. लई मानी बाई हाय ती, दिसाया गरीब दिसते... हालो? हालो?” तिनं फोन खाली ठेवला. “बंद केला. घाईत दिसला बिचारा.”

जगदेवीनं कपाळाला हात लावला आणि पूजेला बसली. त्या दिवशी पूजेत तिचं मन काही स्थिर झालं नाही, आणि त्याबद्दल तिनं शेवटी दोन वेळा क्षमा मागितली.

दुपारपर्यंत गुलाब गेला. फडकं उचललं तशा पाकळ्या परातीतच राहिल्या. निशिगंधाच्या कडा तांबूस पडल्या होत्या. झेंडू मात्र ताठ होता.

“गुलाब गेला म्हंजे मुदत गेली का गं?” जगदेवीनं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“एका फुलावर कुठं हार असतो? झेंडू उभा हाय तवर हार उभा हाय,” कोंडाबाईनं निवाडा दिला. पण तिलाही आता हसू येत नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षांत तिनं जगदेवीला इतकं कासावीस पाहिलं नव्हतं. नेम मोडणं म्हणजे या बाईला नीलम्मांपुढं उभं राहून खोटं बोलण्यासारखं होतं, हे तिला ठाऊक होतं.

एक वाजता दारात रिक्षा थांबली. शेषेराव उतरले. पन्नाशीचे, अंगानं भरलेले, घामानं न्हालेले. एका हातात फायलीची बॅग, दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेला पुडा. उंबऱ्याबाहेरच चपला काढून त्यांनी वाकून नमस्कार केला.

“मावशी, चुकलं असेल तर पोटात घाला. हार सुकला म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, असं या शेजारच्या मावशींनी फोनवर सांगितलं. गर्मीच अशी आहे, फुलं तरी काय करतील? म्हणून मी दुसरा आणलाय. ताजा.”

त्यांनी पुडा सोडला. पिवळाजर्द हार, कालच्यापेक्षा टीचभर लांबच. तो दोन्ही हातांत धरून ते पुढं आले.

“नको!” जगदेवी दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकली. आयुष्यात इतक्या मोठ्यानं ती क्वचितच बोलली असेल. “सायेब, पाया पडते, तेवढा घालू नका! पहिल्याचंच फिटंना, त्यात आणखी एक!”

शेषेराव हार धरून तसेच उभे राहिले. कोंडाबाईनं पुढं होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला, कोनाड्यातल्या महादेवापुढं मांडला आणि म्हणाली, “याचं देणं हा महादेव बघून घेईल. तुमी बसा. पाणी देऊ का? अर्दा पेला चालंल न्हवं?”

मग जगदेवीनं सगळं सांगितलं. मठ, फूल, शेवंती, जास्वंद, अव्वांचा शब्द. शेषेराव ऐकत राहिले. मध्येच त्यांनी रुमालानं डोकं पुसलं, मध्येच हसू दाबलं, आणि शेवटी त्यांची मान खाली गेली.

“म्हणजे सगळा गुन्हा माझाच,” ते म्हणाले. “दुष्काळ आहे म्हणून यंदा हार-तुरे करायचे नाहीत असं ठरलं होतं. पाहुण्यांना फक्त पुस्तक, तुम्हाला वर शाल आणि मानपत्र, बस्स. तुम्ही बघितलं असेल, बाकी कुणाच्या गळ्यात हार नव्हता. तो मी माझ्या मनानं आणला होता, वजिराबादच्या बाजारातून. माझी आई कंधारला असते, तुमच्याच वयाची. आयुष्यभर लोकांची लेकरं सांभाळली तिनं, तिच्या गळ्यात कधी कुणी हार घातला नाही. तुम्हाला बघितलं आणि वाटलं, हाराशिवाय कसं पाठवायचं?”

जगदेवीचा चेहरा मऊ झाला. “मग तर तो सुकू देता येत न्हाई,” ती म्हणाली. “सायेब, तुमी घर आत्ताच घ्या की. मी माझ्या भावाकडं जाते निलंग्याला.”

“नाही मावशी.”

“का न्हाई?”

“कारण विद्यापीठाला तुमचं घर हवंय, तुम्हाला घराबाहेर काढायचं नाही. शिवाय जिवंतपणी द्यायचं म्हटलं तर बक्षीसपत्र, त्याला मंजुरी, मग बैठक. झेंडूच काय, दगडी फूल असलं तरी सुकेल तोवर. तुमचा कागद पक्का आहे. तुमच्या... म्हणजे, शंभर वर्षांनंतर...”

“मी मेल्यावर म्हणा. मला काय वाटत न्हाई.”

“मला वाटतं ना,” शेषेराव म्हणाले.

कोंडाबाई सुपारी कातरत होती. कातरता कातरता तिचा अडकित्ता थांबला.

“जगदेवे, ते मोठं जास्वंद आठवतं का तुला? बारदानाएवढं लाल?”

“कुठलं?”

“आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्साचं. तुजे मालक माल आणाया बिदरला गेले हुते, अन् अव्वांनी मठात एक पोतं ज्वारी बोलली. घरात गडी न्हाई, गाडी न्हाई. अन् हातावर आलं जास्वंद.”

“आठवतंय. डोक्यावर नेली हुती अव्वांनी.”

“पोतं डोक्यावर नेलं?” कोंडाबाई अडकित्ता नाचवत म्हणाली. “अगं बाई, पोतं बैलाच्यान हलत न्हाई. तू बाळंतपणाला आलेल्या नणंदेपाशी घरी हुतीस. पाटी धरू लागाया मी गेले हुते. तीन खेपा केल्या आमी. पहिली खेप नेली तवा जास्वंद टवटवीत हुतं. दुसरीला मान टाकली त्यानं. तिसरीला तर पार मिटलं, दिवा लागला हुता मठात. मी भेले. म्हणलं, अव्वा, फूल तर सुकलं, आता? तर अव्वा काय म्हणाल्या ठाव हाय? म्हणाल्या, पोरी, पहिली पाटी पोचली ना फूल ताजं असताना? मग देणं निघालंय घरातनं. निघालेलं देणं वाटंत असतं, ते सुकत न्हाई.”

जगदेवी तिच्याकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट तिला कुणी पुरती सांगितलीच नव्हती. नीलम्मा स्वतःबद्दल सांगत नसत, आणि कोंडाबाईला ती आजवर सांगण्याजोगी वाटली नव्हती.

“हे तू काल का न्हाई सांगितलंस?”

“काल मी हसण्यात हुते.”

जगदेवी उठली. कमरेच्या किल्ल्यांतून तिनं एक गंजलेली किल्ली चाचपून वेगळी केली. “सायेब, माडीत किती पोरी बसतील, जरा बघून सांगता का? तुमाला अंदाज असंल.”

माडीचं दार तीन वर्षांनी उघडलं. आत ज्वारीच्या दोन रिकाम्या कणग्या होत्या, शंकरप्पांच्या दुकानाचा मोठा तराजू होता, गोणपाटांचा ढीग होता, आणि कबुतरांनी सोडलेला सगळा संसार होता. पण खिडक्या चार होत्या. दोन उत्तरेला, दोन रस्त्यावर. शेषेरावांनी पावलांनी खोली मापली.

“दहा जणी आरामात. दाटीनं बारा.”

“याला विद्यापीठाची परवानगी लागंल का?”

“तुमच्या माडीत तुम्ही कुणाला बसवायचं याला परवानगी कसली?” शेषेराव म्हणाले. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तराजूला हात घातला. “मावशी, हा खाली कुठं ठेवू?”

सिद्धेश्वर चारला आला तेव्हा विद्यापीठाचा अधिकारी त्याच्या चुलत्याची कणगी कवटाळून जिना उतरत होता आणि कोंडाबाई खालून “डावीकडं, डावीकडं, सायेब, तुमची डावी!” असं ओरडत होती. त्यानं काही न विचारता कणगीचं दुसरं टोक धरलं. सगळं कळल्यावर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, “काकू, पोरी आल्या तर पाणी कुठलं पाजणार? तुमच्या चहाचं?”

“ज्याची त्यानं बाटली आणायची. अन् माझा एक माठ.”

जारचा धंदा करणाऱ्या माणसाला एका माठात किती पाणी असतं आणि बारा जणींना दिवसभर किती लागतं, हे सांगायला लागत नाही. त्यानं मान खाजवली.

“रोज एक जार मी टाकीन. दुकान उघडायच्या आदी.”

कोंडाबाई ताडकन उठली, महादेवापुढच्या नव्या हाराकडं गेली. “बोललास ना? हात पुढं कर. तुलाबी फूल देते.”

“झेंडू दे, कोंडाकाकू,” सिद्धेश्वर हात मागं घेत म्हणाला. “जास्वंद नको!”

त्यावर जगदेवी हसली. परातीत हार ठेवल्यापासून पहिल्यांदा. शेषेरावही हसले, आणि जायच्या आधी उंबऱ्यात थांबले.

“मावशी, फलकावरचं नाव तेवढं राहू द्या. दगडात कोरलंय, आता निघत नाही.”

“ऱ्हाऊ द्या,” जगदेवी म्हणाली. “ते पुढं गेलंय, मी मागनं येते. ही पहिली खेप. दुसरी खेप, पाऊस झाला, हिरीला पाणी आलं, की खालची खोली, दोघी-तिघींला राहायला. अन् तिसरी...”

“शंभर वर्षांनी,” शेषेराव घाईनं म्हणाले.

“तुमाला जवा वाटंल तवा,” ती म्हणाली. मग तिनं आत जाऊन एक डबा आणला. “यात शेंगाची चटणी हाय. तुमच्या आईला द्या. म्हणावं, हार पोचला.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी जगदेवी रोजच्यापेक्षा लवकर उठली. माडी कोंडाबाईनं कालच झाडून, ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. सारवायला पाणी नव्हतं. सतरंज्या अंथरल्या होत्या. शंकरप्पांचा जुना टेबलफॅन सिद्धेश्वरनं तेल घालून सुरू करून दिला होता. तो फिरताना कण्हत होता, पण फिरत होता. जगदेवीनं पूजा केली. कालचं राहिलेलं मन आज जागेवर होतं. कपाळाला विभूती लावली, इष्टलिंग गळ्यातल्या करंडकात ठेवलं, आणि मग परातीवरचं फडकं उचललं.

निशिगंध पार गेला होता. झेंडूचीही बरीच फुलं माना टाकून होती. पण मधली सात-आठ अजून केशरी होती, बोट लावलं तर गार लागत होती. तिनं हार दोन्ही हातांनी अलगद उचलला, जिना चढली, आणि स्टुलावर उभं राहून माडीच्या चौकटीला आडवा बांधला, ताजी फुलं मधोमध येतील असा. खाली उतरून एकदा वर पाहिलं.

सिद्धेश्वरचा जार दारात येऊन बसला होता. त्यानं हाक मारली नव्हती. पूजेची वेळ त्याला माहीत होती.

तिनं जार आत ओढला, माठ भरला, वर झाकणी ठेवली, झाकणीवर पेला उपडा घातला. पदर डोक्यावरून घेतला. मधला दरवाजा ओढून घेतला. बाहेरचं दार मात्र उघडंच ठेवलं. कोंडाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“कुठं गं एवढ्या सकाळी?”

“ठेसनावर,” जगदेवी म्हणाली. “ऊन चढायच्या आत येते पोरींला घेऊन.”

आणि चपला पायात सरकवून, उन्हाच्या आधीच्या गार सावलीतून, ती भिंतीच्या कडेकडेनं स्टेशन रोडला निघाली.